आधी श्वास, मग सवय: डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या झोपेचा प्रश्न

2023च्या डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितलं की मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदलायला हव्यात. दोनच महिन्यांत, 2024च्या फेब्रुवारीत, शासन आदेश निघाला: चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. त्यावर भरपूर वाद झाला. व्हॅनवाल्यांचं गणित बिघडलं, दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांची पंचाईत झाली, नोकरी करणारे आईबाप कातावले. पण त्या सगळ्या गदारोळात एक गोष्ट सरकारदरबारी मान्य झाली, की लहान मुलाची झोप हा घरगुती किरकोळ विषय नाही, त्यात शासनानं लक्ष घालावं असं काहीतरी आहे.

मी नाशिकमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवते. माझ्या वर्गात डाऊन सिंड्रोम असलेली मुलं नेहमीच असतात. ज्या मुलांची झोप सगळ्यांत जास्त मोडलेली असते त्यांत ही मुलं येतात, आणि त्या चर्चेत त्यांच्या वाट्याला एक ओळही आली नाही. माझं म्हणणं असं आहे: या मुलांच्या झोपेची तक्रार गांभीर्यानं घेणं, आधी त्यांचा श्वास तपासणं आणि मग झोपेची सवय लावायला आईवडिलांना शिकवणं, हे जिल्ह्याच्या सरकारी आरोग्यसेवेचं काम आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत त्यानं मुंबईला जाऊन करून घ्यावं, बाकीच्यांनी रात्री जागून काढाव्यात, ही आजची व्यवस्था आहे. ती मला मान्य नाही.

वर्गात सकाळी अकराच्या सुमाराला एखादं मूल बाकावर डोकं टेकतं. दुसरं चिडचिड करतं, पेन्सिल फेकतं, शेजारच्याला ढकलतं. तिसरं इतकं शांत बसलेलं असतं की कोणालाही वाटावं किती गुणी बाळ आहे. तिघांच्याही घरी विचारलं तर रात्रीची कहाणी सारखीच निघते. बारा-बारा वाजेपर्यंत झोप नाही, रात्रीतून चार वेळा उठणं, पहाटे पाचला टक्क जागं. आणि त्या कहाणीच्या शेवटी आई किंवा आजी ठरलेलं वाक्य बोलतात, "जाऊ द्या मॅडम, ही लेकरं अशीच असतात."

हे वाक्य मायेनंच बोललं जातं हे मला माहीत आहे. ज्या घरानं मुलाला जसं आहे तसं पदरात घेतलं त्या घराचं ते वाक्य आहे. पण तेच वाक्य डॉक्टरांच्या तोंडून येतं तेव्हा मात्र मला राग येतो. मूल घोरतं? डाऊन आहे ना. दिवसा पेंगतं? डाऊन आहे ना. बोलणं मागे पडलंय, लक्ष लागत नाही? डाऊन आहे ना. एकदा निदानाचा शिक्का बसला की पुढचं सगळं त्याच खात्यावर मांडलं जातं आणि ज्याला इलाज आहे तेही इलाजाविना राहतं.

फ्रेंच संशोधक जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959 साली या मुलांच्या पेशींत 21व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असल्याचं दाखवून दिलं. जगभरात साधारण हजार जन्मांमागे एक बाळ असं जन्माला येतं. या जास्तीच्या प्रतीमुळे शरीराची जी ठेवण होते तिचा झोपेशी थेट संबंध आहे. चेहऱ्याचा मधला भाग लहान, त्यामुळे नाकामागची आणि घशातली जागा अरुंद. त्या मानानं जीभ मोठी. स्नायूंचा ताण मुळातच कमी, आणि झोपेत तो आणखी सैलावतो. त्यात टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेले असले, वजन जास्त असलं, थायरॉईड मंद असलं की झोपेत घशातली श्वासाची वाट वारंवार मिटते. श्वास क्षणभर अडतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून मुलाला अर्धवट जागं करतो, श्वास पुन्हा सुरू होतो. असं रात्रभर. यालाच ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. सर्वसाधारण मुलांत हा त्रास शंभरातल्या पाच जणांपर्यंत दिसतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत निम्म्याहून अधिक जणांना तो असतो.

याची एक खूण आईवडिलांना रोज दिसते आणि तिचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो. मूल मांडी घालून बसतं, कमरेतून पुढे वाकतं आणि कपाळ किंवा गाल गादीवर टेकवून तसंच झोपून जातं. शरीराची अक्षरशः घडी. या मुलांचे सांधे इतके लवचिक असतात की त्यांना ते जमतं. घरातले कौतुकानं फोटो काढतात, "बघा कशी योगासनं करतोय" म्हणून पाठवतात. मला असे कितीतरी फोटो आलेले आहेत. मूल आसनं करत नसतं. उताणं झोपलं की जीभ मागे पडते आणि वाट बंद होते. पुढे वाकलं की जीभ पुढे येते आणि श्वास मिळतो. ज्याला शब्दांत सांगता येत नाही ते मूल आपल्या परीनं उपाय शोधून मोकळं झालेलं असतं. आपण मात्र त्याला सरळ करून पाठीवर झोपवतो, पांघरूण घालतो आणि वर म्हणतो, किती वेळा उठतो हा रात्री.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2011 सालीच सांगितलं की डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रत्येक मुलाची, तक्रार असो वा नसो, चार वर्षांचं होईपर्यंत रात्रभराची झोप-तपासणी व्हावी. 2022च्या सुधारित सूचनांतही ते कायम आहे. तक्रार नसली तरी का? कारण पालकांच्या सांगण्यावरून या आजाराचा अंदाज बांधता येत नाही. घोरणं ऐकू न येणाऱ्या मुलांतही श्वास अडत असल्याचं तपासणीत दिसतं. त्याचे परिणाम पुढे हृदयापर्यंत आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जातात. या मुलांत जन्मजात हृदयदोष निम्म्याच्या आसपास मुलांना असतो हे लक्षात घेतलं की गांभीर्य कळतं. शिक्षिका म्हणून मला आणखी एक अभ्यास विसरता येत नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात डाऊन सिंड्रोम असलेल्या सात ते बारा वर्षांच्या मुलांची तुलना केली होती. ज्यांना स्लीप ॲप्निया होता त्यांचा भाषिक बुद्ध्यांक, तो नसलेल्या डाऊनच्याच मुलांपेक्षा, सरासरी नऊ गुणांनी कमी निघाला. अभ्यास छोटा होता, त्यावरून एकामुळेच दुसरं झालं असं ठामपणे म्हणता येत नाही. तरीही ज्या मुलाला एकेक शब्द शिकवायला मी महिनोन् महिने खर्च करते, त्याच्या बाबतीत नऊ गुण ही काय चीज आहे ते मला कळतं.

म्हणून शीर्षकात "आधी श्वास" आलं आहे. ज्या मुलाचा श्वास अडतोय त्याला "शिस्त लावा, रडू द्या, आपोआप झोपेल" असं सांगणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. वर्तनोपचाराची, म्हणजे औषधाविना झोपेची सवय बदलण्याची, बाजू घेणाऱ्या माणसानं ही गोष्ट सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्याकडे त्याच्या उलट होताना दिसतं. समुपदेशनाचे वर्ग निघालेत, मोबाईलवर सल्ल्यांचा पाऊस पडतोय, आणि त्यात मुलाच्या टॉन्सिलचा साधा उल्लेखही नसतो.

श्वासाबरोबर आणखी दोन गोष्टी तपासायच्या असतात, त्यांना फार खर्च येत नाही. थायरॉईड एक, आणि शरीरातलं लोह दुसरं. लोह कमी असलं की काही मुलांचे पाय रात्री स्वस्थ राहत नाहीत, ती पाय झाडतात, एकमेकांवर घासतात, कूस बदलत राहतात. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची 67.1 टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. तेव्हा पाय झाडणाऱ्या मुलाला खोडकर ठरवण्याआधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघावं, एवढी मागणी फार मोठी नाही.

आता सवयीकडे वळते, कारण श्वास मोकळा झाला म्हणजे झोप लागते असं नाही. टॉन्सिलची शस्त्रक्रिया झाली, रात्रीचा प्राणवायू सुधारला, तरी मूल बारापर्यंत जागंच, हे अनेक घरांत दिसतं. वर्षानुवर्षं मोडलेल्या झोपेभोवती घरानं आपली घडी बसवलेली असते. मूल मांडीवर, खांद्यावर किंवा मोबाईल बघत झोपतं. आपण सगळेच रात्रीतून अनेकदा अर्धवट जागे होतो, झोपेचं एक आवर्तन संपून दुसरं सुरू होताना. कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो, सकाळी आठवतही नाही. पण जे मूल मोबाईलच्या उजेडात झोपलं त्याला त्या अर्धवट जागेपणी पुन्हा मोबाईलच लागतो. जे थोपटून घेत झोपलं त्याला पुन्हा थोपटणारा हात लागतो. तो मिळेपर्यंत ते रडतं. तीन रात्री आईनं मन घट्ट केलं आणि चौथ्या रात्री शेजारी दार वाजवतील या धास्तीनं मोबाईल दिला, की मूल शिकतं: जास्त वेळ रडलं की मिळतो. यात मुलाचा लबाडपणा काहीच नाही. शिकणं असंच होतं, माझ्या वर्गातही आणि घरातही.

आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांबद्दल एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकते: ती शिकतात. ऐकून लक्षात ठेवणं त्यांना जड जातं, कारण शब्दांची स्मृती कमकुवत असते आणि त्यात कानात पाणी साठून ऐकूही कमी येत असतं. पाहून शिकणं त्यांना जमतं. अनुकरण आवडतं. ठरलेला क्रम तर इतका आवडतो की वर्गात प्रार्थनेआधी हजेरी घेतली तर एखादा मला उठून थांबवतो. झोपेच्या वर्तनोपचाराला यापेक्षा चांगली जमीन कुठली हवी? दहा वेळा "झोप रे आता" म्हणण्यापेक्षा चार चित्रं भिंतीवर लावली तर जास्त काम होतं.

नाशिकच्या सिडकोतल्या एका घराचं उदाहरण देते, ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलून. दोन खोल्या, पाच माणसं. मुलगा सात वर्षांचा. टॉन्सिलची शस्त्रक्रिया होऊन गेलेली, पुन्हा तपासणी करून श्वास बरा असल्याची खात्री झालेली. वडील अंबडच्या कंपनीत, शिफ्ट बदलती. सेकंड शिफ्ट असली की ते साडेबाराला घरी येत आणि पोरगा त्यांची वाट बघत जागा. दार वाजलं की उडी, मग अर्धा तास बापलेकांचा खेळ. दिवसभरात तेवढीच भेट. ही भेट बंद करा असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

तशी ती बंद केलीच नाही, सकाळवर नेली. व्हॅनपर्यंत सोडायला आई जायची, त्याऐवजी वडील जायला लागले, डोळ्यांत झोप असली तरी. रात्री घरात शिरताना त्यांनी स्वयंपाकघराच्या दारानं यायचं ठरलं. भिंतीवर एक पट्टी लावली, तिच्यावर वेल्क्रोनं चिकटवलेली चित्रं: ताट, दात घासणं, शू, गोष्टीचं पुस्तक, अंथरूण. एकेक काम झालं की मुलानं ते चित्र स्वतः काढून खालच्या डबीत टाकायचं. डबी वाजली पाहिजे असा त्याचा आग्रह असे. झोपायची वेळ पहिल्या दिवसापासून नऊ ठेवली नाही. तो खरोखर साडेअकराला झोपत होता, म्हणून अंथरुणावर जायची वेळही साडेअकराच ठेवली, म्हणजे पडल्यावर लवकर झोप लागावी. मग काही दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे, पुन्हा काही दिवसांनी पंधरा मिनिटं. उठायची वेळ मात्र रोज तीच, रविवारीसुद्धा. आजी शेजारीच झोपायची, ती तिथेच राहिली. पण तिनं थोपटणं कमी करत नेलं: आधी पाठीवर थोपटायची, मग नुसता हात ठेवायची, मग हात काढून शेजारी बसून जप करायची. मध्ये ताप आला, दिवाळी आली, सगळं विस्कटलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. पण दहाच्या आत झोपायला तो शिकला, आणि रात्री जागा झाला तरी आजीकडे बघून पुन्हा डोळे मिटायला शिकला.

हे उदाहरण मुद्दाम तपशिलात दिलं, कारण वर्तनोपचार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बंद खोलीत एकटं रडणारं बाळ येतं. "मॅडम, हे परदेशातलं खूळ आहे, आमच्याकडे लेकराला वेगळं झोपवत नाहीत." यातलं शेवटचं वाक्य खरं आहे आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. मुलानं वेगळ्या खोलीत झोपावं असा वर्तनोपचाराचा नियम नाही. झोप लागण्याच्या क्षणी त्याला दुसऱ्याची जी मदत लागते ती हळूहळू कमी करणं, एवढंच त्यात अपेक्षित आहे. एकाच सतरंजीवर, आजीच्या कुशीशेजारीही ते जमतं. रडू देण्याची पद्धतही आहे, पण अनेकांतली ती एक आहे. हृदयाचा त्रास असलेल्या मुलाच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती मी कोणालाही सुचवणार नाही. दहा बाय दहाच्या खोलीत, पातळ भिंतीपलीकडे शेजारी असताना ती चालतही नाही. ज्या पद्धतीत मूल अंथरुणावरून उठण्याची सवय मोडण्यासाठी शांतपणे पुन्हा जागेवर आणून ठेवायचं असतं, तीही पहिल्या आठवड्यात घराचा अंत पाहते, आणि त्रास कमी होण्याआधी थोडा वाढतो हे आधीच सांगितलेलं नसेल तर आई नेमकी त्याच रात्री हार मानते.

क्रूरपणाचा आक्षेपही मला गंभीर वाटतो. त्याला उत्तर म्हणून एक अभ्यास सांगते. ऑस्ट्रेलियात 326 तान्ह्या बाळांच्या आयांना, ज्यांनी झोपेची तक्रार केली होती, दोन गटांत विभागलं, एका गटाला अशा पद्धती शिकवल्या आणि मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. 2012 साली निष्कर्ष आले: मुलांच्या भावनिक आरोग्यात किंवा आईमुलाच्या नात्यात दोन गटांत फरक नव्हता. म्हणजे नुकसान झालं नव्हतं. ती मुलं डाऊन सिंड्रोमची नव्हती, हे खरं. आणि इथेच सगळ्यांत वजनदार आक्षेप येतो.

तो असा, की पुरावा कुठे आहे? सर्वसाधारण लहान मुलांवरच्या 52 अभ्यासांचा आढावा 2006 साली अमेरिकेत घेतला गेला तेव्हा त्यातल्या 94 टक्के अभ्यासांत वर्तनोपचार गुणकारी ठरले होते आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलांत लक्षणीय सुधारणा होती. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांवरचे स्वतंत्र अभ्यास मात्र मोजके आहेत आणि त्यांतली मुलंही थोडी. एवढ्या पुराव्यावर सरकारी पैसा खर्च करायचा का, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं आहे की पुरावा नाही म्हणून काहीच न करणं हा पर्याय प्रत्यक्षात अस्तित्वात नाही. न झोपणाऱ्या मुलाच्या घरी काहीतरी केलं जातंच. जायफळ उगाळून चाटवलं जातं, आणि ते अंदाजानं, रोज थोडं वाढवत. सर्दीचं गुंगी आणणारं सिरप दिलं जातं. हल्ली मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाच्या गोळ्या आणि चघळायच्या गोड वड्या ऑनलाइन येतात. यातल्या कशाचा पुरावा मागायला कोणी जात नाही. गुंगी आणणारी औषधं घशाचे स्नायू आणखी सैल करू शकतात आणि ज्याचा श्वास आधीच अडतोय त्याला धोक्यात टाकू शकतात. प्रोमेथाझिन हे असंच गुंगीचं औषध दोन वर्षांखालच्या मुलांना देऊच नये, कारण श्वास मंदावण्याचा धोका आहे. मेलाटोनिनचा काही मुलांना उपयोग होतो, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं, श्वास तपासल्यावर आणि सवयीच्या जोडीनं. तुलना करायची तर या सगळ्याशी करा. ज्यात औषध नाही, ज्याचा खर्च म्हणजे एका प्रशिक्षित माणसाचे काही तास, ते आधी करून बघायला हरकत काय?

शिवाय श्वास आणि सवय ही दोन खाती वाटतात तितकी वेगळी नाहीत. शस्त्रक्रियेनंतरही बऱ्याच मुलांत अडथळा उरतो. त्यांना रात्री मास्क लावून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र लागतं. सात वर्षांच्या मुलाच्या तोंडावर अचानक मास्क बांधून बघा, काय होतं ते. मास्क आधी दिवसा खेळायला द्यावा लागतो, बाहुलीला लावावा लागतो, मग स्वतःच्या गालाला, मग पट्टा न बांधता, मग हवेशिवाय, मग जागेपणी हवेसह, आणि मग झोपेत. हा शंभर टक्के वर्तनोपचार आहे. झोप-तपासणीच्या वेळी डोक्याला, छातीला, बोटाला तारा चिकटवतात. ज्या मुलाला टोपीसुद्धा सहन होत नाही ते त्या उपटून टाकतं आणि रात्र वाया जाते. माझ्या ओळखीतल्या बहुतेक पालकांना या तपासणीसाठी मुंबईची वाट धरावी लागली. एक दिवसाचा पगार गेला, मुक्कामाचा खर्च झाला, आणि तारा उपटल्यामुळे हाती अर्धवट अहवाल आला, असंही झालेलं आहे. शाळेत आधी आठवडाभर चिकटपट्ट्या आणि रंगीत दोऱ्यांशी खेळवलं असतं तर? आम्ही विशेष शिक्षिका हे करू शकतो. आम्हाला कोणी तारीखच कळवत नाही.

आता नाशिकचं बोलते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरमधून सुरू झाला. त्यातल्या तपासायच्या तीस आजारांच्या यादीत डाऊन सिंड्रोम आहे. पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. सापडलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची रचना योजनेतच आहे, तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, विशेष शिक्षक अशी पदं धरलेली आहेत. म्हणजे नवी इमारत नको, नवी योजना नको. पेठ-सुरगाण्याच्या अंगणवाडीत डाऊन सिंड्रोम असलेलं मूल समोर आलं तर पथकानं दोनच प्रश्न जास्तीचे विचारायचे: घोरतो का, आणि बसून वाकून झोपतो का. उत्तर हो आलं की कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे चिठ्ठी. उत्तर नाही आलं तरी चार वर्षांच्या आत तपासणीची नोंद. रात्रभराची पूर्ण तपासणी लगेच जमत नसेल तर बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर रात्रभराची नोंद घेता येते. ती बिघडलेली निघाली तर त्या मुलाचा नंबर पुढे घेता येतो. चांगली निघाली म्हणून निर्धास्त मात्र होता येत नाही.

आणि दर महिन्याला पालकांचा एक वर्ग, झोपेवर. तो सकाळी अकराला ठेवला तर आयाच येतील, बाप येणार नाहीत, आणि रात्रीचा निम्मा प्रश्न बापाच्या शिफ्टचा, आजोबांच्या टीव्हीचा असतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी बघून वार ठरवावा. कळवण-सुरगाण्याहून कोणी महिन्याला नाशिकला येणार नाही, तिथे तालुक्याला जावं लागेल. आईवर आणखी एक काम लादता, असं मला कोणी म्हणालं तर मी म्हणेन, ती रात्रभर जागी आहे, याहून मोठं काम तिच्यावर कोणतं लादणार? पण एकटीला शिकवून घरी पाठवलं तर तो आक्षेप खरा ठरेल, हेही मान्य आहे.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय 1998पासून आपल्या नाशकातच आहे. राज्यभरातले डॉक्टर, परिचारिका, थेरपिस्ट ज्या अभ्यासक्रमांतून घडतात त्यांतले बहुतेक या विद्यापीठाशी जोडलेले आहेत. मुलांच्या झोपेवर छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढायला, जिल्ह्याच्या केंद्रातल्या मानसशास्त्रज्ञांना आणि आमच्यासारख्या शिक्षकांना त्यात बसवायला यापेक्षा जवळची जागा नाही. डाऊन सिंड्रोमवरचे जे अभ्यास तोकडे आहेत असं मी वर म्हटलं, ते मराठी घरांत, एका सतरंजीवर झोपणाऱ्या कुटुंबांत, इथेच होऊ शकतात.

रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा, हे 2000 सालच्या नियमांत लिहिलेलं आहे. लग्नसराईत आणि नवरात्रात आमच्या मुलांच्या घरी काय होतं ते पोलिसांनी एकदा येऊन ऐकावं. चित्रांची पट्टी, आजीचा जप, सगळं एका डीजेपुढे उडून जातं.

व्यवस्था हलेल तेव्हा हलेल. ज्यांच्या घरी आज असं मूल आहे त्यांनी आज रात्री मूल गाढ झोपलेलं असताना मोबाईलवर चित्रण करावं, छाती आणि तोंड दोन्ही दिसतील असं, आवाजासह. कान-नाक-घसा तज्ज्ञांना ते दाखवावं आणि स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभराची झोप-तपासणी, लागेल का हे स्पष्ट विचारावं. शस्त्रक्रिया ठरलीच तर मानेच्या मणक्यांची काळजी घ्यायला भूलतज्ज्ञांना डाऊन सिंड्रोम असल्याचं आवर्जून सांगावं. थायरॉईड आणि फेरिटिन तपासून घ्यावं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो, त्यात थेरपीसाठीही तरतूद आहे. कार्ड काढलेलं नसेल तर काढून घ्यावं. मग दोन आठवडे वहीत नोंद ठेवावी: किती वाजता अंथरुणावर गेलं, किती वाजता झोप लागली, कितीदा उठलं, उठल्यावर कोणी काय दिलं, सकाळी किती वाजता जाग आली. वही घेऊन शाळेत या. चित्रांची पट्टी आपण मिळून बनवू, आणि पहिली वेळ कोणती धरायची ते त्या वहीतूनच कळेल.